दहा कोयते, माणसं किती?

एका टोळीत दहा कोयते आहेत, तर माणसं किती?

हे कोडं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या पट्ट्यात ते कुणालाही घाला, उत्तर तयार असतं: वीस. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला घाला, तो विचारणार, ‘कोयत्यांवरून माणसं कशी कळतील?’ ऊसतोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, टोळीची मोजदाद होते ती कोयत्यांत, आणि जोडीदाराशिवाय एकटाच निघालेला माणूस हा अर्धा कोयता. चौथी-पाचवीतल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही. दसरा झाला की गल्लीत गाड्या लागतात, भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, शेळी, सगळं वर चढतं, आणि ‘औंदा किती कोयते चालले?’ हा प्रश्न प्रत्येक ओट्यावर ऐकू येतो. त्यामुळे माझ्या वर्गात हे कोडं नव्हेच. कोडं होतं ते ऐकणारा बदलला की.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरीची पहिली वर्षं अकोले तालुक्याच्या डोंगराकडे गेली, पुढची जवळजवळ सगळी पाथर्डी तालुक्यात. कोडी वर्गात आणली ती शिष्यवृत्ती परीक्षेच्या निमित्तानं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आधी चौथी-सातवीला असायची, 2017 साली ती पाचवी-आठवीला गेली. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न आणि त्यांना 100 गुण. रांगेत पुढून सातवा, मागून नववा, तर रांगेत मुलं किती. चारांतला वेगळा कोणता. आरशातलं घड्याळ किती वाजलेले दाखवतं, अशा धाटणीचे प्रश्न. सरावाची पुस्तकं ढिगानं मिळतात आणि त्यांत युक्त्याही दिलेल्या असतात: दोन्ही क्रमांकांची बेरीज करा, एक वजा करा. मुलं युक्ती पाठ करतात. मग ‘सातव्या आणि नवव्या मुलाच्या मध्ये किती जण’ असं विचारलं तरी बेरीज करून एक वजा करतात. आकडे ओळखीचे दिसले की हात चालू लागतो आणि प्रश्न वाचायचा राहून जातो.

याचा सर्वांत ठळक दाखला फ्रान्समधला आहे. 1980च्या सुमारास ग्रेनोबल शहरातल्या गणित-शिक्षणाच्या एका संशोधन गटानं प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी आकड्यांशी काहीतरी करून वय काढून दिलं. 2018च्या जानेवारीत चीनमधल्या नानचोंग इथं पाचवीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला आणि देशभर चर्चा झाली. तिथल्या शिक्षण खात्यानं सांगितलं की मुलं प्रश्नालाच प्रश्न विचारतात की नाही, हे त्यांना पाहायचं होतं.

माझ्या वर्गात जहाज आणून उपयोग नव्हता. मी कप्तानाच्या जागी धनगर ठेवला. फळ्यावर बरीचशी उत्तरं 36 आली. काहींनी 16 लिहिलं. 260 मात्र कुणीच लिहिलं नाही. का नाही, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, एवढी वर्षं माणूस जगत न्हाई.’’ मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. मुलं डोकं बाजूला ठेवून बसलेली नसतात. उत्तर माणसाच्या वयासारखं दिसलं पाहिजे, एवढी तपासणी ती करतात. शिक्षकानं विचारलंय म्हणजे प्रश्न बरोबरच असणार, या एका गोष्टीची तपासणी करायची परवानगी त्यांना कुणी दिलेली नसते.

त्या दिवशी मागच्या बाकावर पारनेरकडून आलेला, मामाकडे राहणारा एक मुलगा होता. त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘‘म्हातारा आसंल.’’ का? ‘‘छत्तीसच हायेत म्हणून. तरणा माणूस एवढ्यावर कसा राहील? त्याचा वाडा खाली कोकणात गेला आसंल, ह्यो मागं घरी राहिला.’’ ढवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, ते या पोरानं पाहिलेलं होतं. त्याच्या उत्तरात वयाचा आकडा नव्हता, पण विचार होता. दिलेल्या माहितीतून काय निघतं आणि काय निघत नाही, याचा अंदाज होता. मी त्याचं उत्तर फळ्यावर 36च्या शेजारी लिहिलं आणि वर्गाला विचारलं, या दोघांत धनगराकडे बघून दिलेलं उत्तर कोणतं?

तेव्हापासून मी फसवी कोडी जाणूनबुजून शिकवते. मधल्या सुट्टीतली करमणूक म्हणून त्यांच्याकडे मी कधी बघितलं नाही. शाळेतला बाकीचा सगळा वेळ मुलांना उत्तराकडे पळवण्यात जातो. प्रश्नाशी थांबायला लावणारं साधन माझ्याजवळ एवढंच आहे. आणि ते फुकट मिळतं. त्याला ना संगणक लागतो, ना साहित्य पेटी.

एक जोडी मी दर वर्षी वापरते. दोरीवर एक लुगडं वाळायला दोन तास लागतात, तर पाच लुगडी वाळायला किती? आणि तव्यावर एक भाकरी भाजायला तीन मिनिटं लागतात, तर पाच भाकरी भाजायला किती? वाक्याची घडण सारखी, आकडे सारखेच साधे, पण एका ठिकाणी गुणाकार चालतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. वहीत लिहून दिलं तर मुलं दोन्हीकडे पाचनं गुणतात. तोंडी विचारलं, तेही दाराबाहेरच्या दोरीकडे बोट करून, तर लगेच हसायला लागतात. एकदा एका मुलीनं लुगड्यांचं उत्तर देण्याआधी विचारलं, ‘‘बाई, दोरी केवढीय?’’ वर्गाला तिचा प्रश्न वेडगळ वाटला. मी तिला पुढं बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. दोरी चार लुगड्यांचीच असेल तर पाचवं दोन तास थांबणार, म्हणजे चार तास. पुस्तकातल्या गणितात दोरी नेहमी हवी तेवढी लांब असते, हे पुस्तक सांगत नाही. जिच्या घरी दोरी अपुरी पडते तिलाच ते दिसलं.

अशीच गंमत वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याची. नदी ओलांडायची, नावेत माणसाबरोबर एकच नग मावतो, वाघ शेळीला खाईल, शेळी गवत खाईल. हे कोडं जगभर फिरलेलं आहे. युरोपात ते आठव्या शतकातल्या आल्क्विन नावाच्या विद्वानाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या संग्रहात सापडतं. तिथं वाघाच्या जागी लांडगा आणि गवताच्या जागी कोबी. आम्ही पटांगणात फक्कीनं नदी आखून ते खेळतो. सातवी फेरी झाली की सगळे पार. पण शेळ्या राखणारी मुलं हे कोडं वेगळंच सोडवतात. ‘‘शेळीला मुसकं बांधा. मग गवत खाती कशाला?’’ हे ऐकून पहिल्यांदा मला आनंद झाला, आणि मग पेचही पडला. उत्तर चूक म्हणू? माझ्या कोड्यात मुसकं बांधायचं नाही असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. मी ते उत्तर मान्य केलं. मग मुलांनाच सांगितलं, आता कोड्याची अट अशी लिहा की मुसकं, दावं, पिंजरा यांतलं काहीच चालणार नाही. ती अट लिहिताना जी झटापट झाली तिच्यात व्याकरण, तर्क आणि कज्जेदलाली, तिन्ही होतं. एकानं लिहिलं, ‘जनावराला काही बांधू नये.’ दुसरा म्हणाला, मग गवताचा भारा तरी बांधलेला कसा? शेवटी जे वाक्य उरलं ते एखाद्या कराराच्या कलमासारखं पक्कं होतं.

आता शब्दांच्या सापळ्यांकडे येते, कारण माझा खरा जीव तिथं आहे.

वर्गाला सहज विचारावं: लक्ष्मणासाठी गोवर्धन पर्वत उचलून आणताना हनुमानानं तो कोणत्या हातावर धरला होता? अर्धा वर्ग ‘डाव्या’ म्हणतो, अर्धा ‘उजव्या’. देवळातल्या चित्रांवरून वादही सुरू होतो. गोवर्धन कृष्णानं उचलला आणि हनुमानानं आणला तो द्रोणागिरी, हे त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असतं. मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली बायबलमधल्या नोआच्या जागी मोझेसचं नाव घालून असाच प्रश्न मोठ्या माणसांना विचारला होता, आणि खरी गोष्ट माहीत असणारेही फसले होते. नाव जवळपासचं असलं की कान ते सोडून देतो, आणि प्रश्नचिन्ह जिथं आहे तिथंच लक्ष जातं. हनुमानाच्या प्रश्नात फसलेली मुलं पुढचे कितीतरी दिवस माझं प्रत्येक वाक्य तपासून घेतात. हजेरी घेताना ‘आज मंगळवार ना?’ म्हटलं तरी दोघं कॅलेंडरकडे बघतात.

डॉक्टरांचं कोडं बहुतेकांनी ऐकलेलं असेल. मूळ इंग्रजीतल्या कोड्यात अपघातात बाप मरतो. माझ्या वर्गात बाप नसलेली मुलं असतात, म्हणून मी ते बदललं. मुलगा झाडावरून पडला, हात मोडला. वडिलांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले. आत डॉक्टरांनी मुलाला पाहिलं आणि नर्सला सांगितलं, ‘मी याचं ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.’ हे कसं? डॉक्टर म्हणजे आई. इंग्रजीत हे कोडं सांगायला काही सायास पडत नाहीत, कारण तिथं क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं. ‘डॉक्टर म्हणाल्या’ म्हटलं की कोडं संपलं, ‘डॉक्टर म्हणाले’ म्हटलं की मी खोटं बोलले. वाट आहे ती ‘नी’ची. ‘डॉक्टरांनी सांगितलं’, यात बाई आहे की बुवा ते झाकलेलं राहतं. ‘करू शकते’, ‘करू शकतो’ म्हणता येत नाही, पण ‘करू शकत नाही’ दोघांनाही चालतं. मराठीत कोडं रचायचं तर अशा झाकलेल्या जागा हाताशी असाव्या लागतात. या एका कोड्यानं मला प्रयोग शिकवायला जेवढी मदत केली तेवढी एकाही व्याकरणाच्या पुस्तकानं केली नाही. मुलं स्वतःची कोडी रचायला बसली की आपसूक विचारतात, ‘‘बाई, इथं ‘आला’ लिहिलं तर कळंल ना?’’ कर्ता आणि क्रियापद यांचं नातं त्यांना असं, गरजेतून समजतं.

एका शाळेत मात्र हे कोडं पडल्या पडल्या सुटलं. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमच होत्या. मुलांनी डॉक्टर म्हणून दुसरं कुणी पाहिलंच नव्हतं. ‘‘त्याची आई आसंल की!’’ आणि पुढं, ‘‘ह्यात कोडं काय?’’ तिथं मी ते कोडं पुन्हा घातलं नाही.

तीन प्रश्न, एक उत्तर, हा आपल्याकडचा जुना प्रकार. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? फिरवलं नाही म्हणून. अमीर खुस्रोच्या नावावर उत्तरेत सांगितल्या जाणाऱ्या दोसुखन्यांत घोडा आणि पान हीच जोडी भेटते. भाकरी आपल्या चुलीवरची. हा प्रकार मुलांना फार चढतो, कारण मराठीतली रोजची क्रियापदं त्यासाठीच घडल्यासारखी आहेत. बसणं, लागणं, पडणं, उठणं, फुटणं. ‘लागणं’ घेऊन आम्ही एक दुपार बसलो होतो. मी सुरुवात करून दिली: आजी रात्रभर जागी का? दादा घरीच का? दोन्हींचं उत्तर एक. झोप लागली नाही, नोकरी लागली नाही. तिसरा प्रश्न एका मुलीनं आणला: एसटी दिसत का नाही? फलाटाला लागली नाही म्हणून. मग एक मुलगा उठला, ‘‘विहीर अर्धी का सोडली? पाणी लागलं नाही म्हणून.’’ लगेच हरकत आली: ते ‘लागलं’ झालं, ‘लागली’ नव्हे, उत्तर एकच पाहिजे. तो खाली बसला. वर्ग पुढं सरकला होता, दुसऱ्याच क्रियापदावर गेला होता, तेवढ्यात तो परत उभा राहिला: ‘‘ओल लागली नाही म्हणून!’’ विहीर खणताना पाण्याच्या आधी ओल लागते. त्याचे वडील विहिरींच्या कामावर जात. पाथर्डीच्या कोरड्या भागात हा शब्द घरात रोजचा, आणि तो नेमक्या लिंगात, नेमक्या वेळी त्याच्या हाती आला. त्या पोराला मराठीच्या पेपरात बेताचेच गुण मिळायचे.

हा खेळ आमच्या जिल्ह्याला नवा नाही. प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती 1290 साली, आणि काट्याच्या टोकावर गावं वसवणारं कूटही ज्ञानदेवांच्याच नावावर सांगतात. संगमनेरचे अनंत फंदी (1744–1819) शाहिरीत वाढले. कलगी-तुऱ्याच्या फडांत सवाल-जवाबांनी रात्री जागायच्या. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका बाजूनं डफावर भेदिक टाकायचं, त्यात पुराणातली किंवा देहातली काही गोष्ट आडून विचारलेली असायची, आणि समोरच्यानं ती गाण्यातूनच सोडवायची. पुढं तमाशाच्या बोर्डावर हाच सवाल-जवाब रंगला आणि 1964 साली ‘सवाल माझा ऐका!’ म्हणत सिनेमाच्या पडद्यावरही आला.

माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा तरुणपणी भेदिक गात. त्यांना मी शाळेत बोलावलं. त्यांनी मुलांना सवाल घातले नाहीत, आधी सवालाचे नियम सांगितले. सवाल टाकणाऱ्याला स्वतःला जवाब यायला पाहिजे. समोरचा हरला तर तो जवाब सगळ्यांसमक्ष सांगता आला पाहिजे. आणि ऐकणाऱ्या गावाला तो पटला पाहिजे. गाव नाही म्हणालं तर सवाल टाकणारा हरला. शेवटचा नियम मी वर्गात जशाच्या तसा उचलला. कोडं कुणी घातलं यावर उत्तर ठरत नाही, मग घालणारी मी असले तरी. वर्गाला पटलं नाही तर कोडं बाद.

या नियमानं कितीतरी कोडी बाद झाली, आणि झाली ते बरं झालं. काही कोडी नुसती लबाडी असतात. त्यांत महत्त्वाची गोष्ट घालणारा लपवून ठेवतो आणि शेवटी खिशातून काढतो. चांगल्या कोड्यात लपवलेलं काही नसतं. सगळं समोर ठेवलेलं असतं आणि तरी दिसत नाही. म्हणून उत्तर ऐकल्यावर चिडण्याऐवजी माणूस कपाळाला हात लावून हसतो. काही कोडी शहराची असतात: लिफ्टची, ट्रॅफिक सिग्नलची, क्रिकेटच्या स्टेडियमची. ती न सुटणारं मूल मंद नसतं, त्यानं लिफ्ट पाहिलेली नसते. आणि काही कोडी जातीवर, रंगावर, एखाद्याच्या व्यंगावर उभी असतात. ती मी वर्गात येऊ देत नाही, कुणी कितीही परंपरा सांगितली तरी.

बुद्धिमत्ता चाचणीतला ‘वेगळा घटक ओळखा’ हा प्रश्न मला याच कसोटीवर नेहमी अडवतो. सरावासाठी मी एकदा फळ्यावर चार शब्द लिहिले होते: खुरपं, विळा, कोयता, कुऱ्हाड. माझ्या मनात उत्तर होतं कुऱ्हाड, कारण तिला लांब दांडा, ती दोन्ही हातांनी चालवायची, बाकीची एका हाताची. बऱ्याच जणांनी तेच सांगितलं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘कोयता.’’ ती हंगामात आजीजवळ गावातच राहायची, आई-वडील कारखान्यावर. मी कारण विचारलं. ‘‘बाकीची नुसती हत्यारं हायेत. कोयता म्हंजी माणसं.’’

वर्ग गप्प झाला नाही. उलट मोठा गलका झाला, कारण अर्ध्या वर्गाला ते पटलं आणि अर्ध्याला नाही. खुरपी किती लावली असंही म्हणतात, एकानं तोडीस तोड काढलं, म्हणजे खुरपणाऱ्या बायाच की. ती म्हणाली, खुरपं एका बाईचं असतं, कोयत्यात दोघं असतात. हे सगळं संपल्यावर मी गावाचा नियम लावला. दोन्ही उत्तरं पटली, दोन्ही मान्य. पण परीक्षेत उत्तरपत्रिकेवर एकच गोल काळा करायचा असतो, आणि तो तपासणाऱ्या यंत्राला कारण सांगायची सोय नसते. हे मला त्या मुलीला सांगावंच लागलं. मी तिला म्हटलं की तुझं उत्तर खरं आहे, पण पेपर काढणारा माणूस कोयता म्हटल्यावर काय डोळ्यांपुढं आणत असेल त्याचाही अंदाज घ्यायला शीक. तिला दोन्ही यायला हवं: स्वतःचा अर्थ सोडायचा नाही आणि समोरच्याचा ओळखायचा. शिष्यवृत्तीच्या सरावातलं सर्वांत अवघड शिकवणं मला हेच वाटतं. युक्त्यांची पुस्तकं या बाबतीत काही कामाची नाहीत.

हंगामात वर्ग फुटतो. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. जाणाऱ्यांच्या दप्तरात मी एक कोरी वही देते. तिच्यात फक्त कोडी लिहायची, अड्ड्यावर जी भेटतील ती, ज्याच्याकडून मिळालं त्याच्या तालुक्याच्या नावासकट. होळी-पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात तेव्हा या वह्यांचं वाचन हा आमचा मोठा कार्यक्रम असतो. बीडच्या पोरांकडून आलेली, सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर ऐकलेली, कानडी शब्दांची फोडणी असलेली कोडी त्यांत असतात. शुद्धलेखनाची दैना असते, पण लिहिलेलं असतं. अभ्यास बुडाला म्हणून हिरमुसून परत आलेलं मूल, वही उघडली की वर्गातलं सर्वांत श्रीमंत मूल ठरतं.

त्या वह्यांत पोरांनी स्वतः रचलेलीही कोडी असतात. ‘मुकादमानं पन्नास हजारांची उचल दिली, पण बापाच्या हातात वजन आलं नाही. कसं?’ ‘परीक्षेत केली तर बाहेर काढतात, कारखान्यावर केली तर आत राहता येतं. ती कोण?’ या दुसऱ्याचं उत्तर कॉपी आणि कोपी. उसाच्या पाचटाची, बांबूची ती झोपडी म्हणजे कोपी, आणि पोरांच्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच निघतात. लिहायला गेलं की काना-मात्रेत फरक पडतो, म्हणून हे कोडं फक्त बोलायचं, लिहायचं नाही, असा निर्णय वर्गानंच दिला.

आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव 2024च्या ऑक्टोबरात अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं, त्यामुळे शाळेत त्याची बरीच चर्चा झाली, आणि लगोलग चौथीतल्या एका मुलानं कोडं आणलं: ‘आमचा जिल्हा बदलला, पण आम्ही घर सोडलं नाही. कसं काय?’ मला ते आवडलं होतं. वर्गानं मात्र बाद केलं. ‘‘जिल्हा कुठं बदलला? नाव बदललं. तू खोटं सांगितलंस,’’ एका मुलीनं सुनावलं. कोडं लपवाछपवीचं निघालं म्हणून त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त करून घेऊन आला. ‘काल मी नगरचा होतो, आज नाही, घर मात्र तेच. मी कुठला?’ आता सगळं खरं आहे, असं त्याचं म्हणणं. त्या मुलीनं फळ्याजवळ जाऊन नवं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अहिल्या’वर हात ठेवला आणि उरलेलं त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. ‘‘अजून नगरचाच हायेस की!’’ तो तिसऱ्यांदा वाक्य बदलायला जागेवर गेला, आणि त्याच्याभोवती सगळे गोळा झाले.